सागाच्या जंगलातल्या खोलीत दोन दिवस

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी कचेरीत कारकून होतो. उस्मानाबादहून दप्तरं, कपाटं, माणसं सगळी लातुरात येऊन पडली आणि भाड्याने खोली मिळेनाशी झाली. आमच्या घरात खोल्या दोन आणि माणसं नऊ. वर दुष्काळ. नळाच्या रांगेत उभं राहायचं काम नव्या सुनेचं, म्हणजे माझ्या बायकोचं. त्या माघात तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ पडला. चौथ्या दिवशी ती पुन्हा घागर घेऊन रांगेत होती. रडायला घरात कोपरा नव्हता.

आईने माहूरला देवीची ओटी भरून यायला सांगितलं. कचेरीतल्या किनवटकडच्या एका सहकाऱ्याने जंगलातल्या सरकारी विश्रामगृहाचा दोन दिवसांचा परवाना काढून दिला. मुदखेडला गाडी बदलून आम्ही किनवट गाठलं, माहूरला जाऊन ओटी भरली आणि परतताना एका फाट्यावर उतरून सागाच्या उघड्याबोडक्या जंगलातून बंगल्यापर्यंत चालत गेलो.

तिथला खानसामा साठीच्या आसपासचा होता. त्याने खोली उघडली आणि आम्ही दारातच थांबलो. हातभर जाड भिंती, उंच छत, नवारीचे दोन पलंग, त्यांवर निळीच्या पाण्यातून काढलेल्या पांढऱ्या चादरी. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा. आवारातल्या विहिरीला अजून पाणी होतं आणि न्हाणीत तांब्याचं घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं. बायकोने त्यात हात बुडवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती आडवी झाली. मी व्हरांड्यात बसलो होतो. तासाभराने एक जीप आली. टंचाईच्या पाहणीवर निघालेले एक मोठे साहेब उतरले. दुसऱ्या खोलीत बोअरचे पाइप भरून ठेवले होते, त्यामुळे राहण्याजोगी खोली एकच होती, आमची. साहेब आले तर खोली सोडायची, हे परवान्यावर छापलेलंच होतं. मी उठलो, चप्पल घातली आणि बायकोला उठवायला निघालो.

खानसामा दारात आडवा उभा राहिला. "बसा तुम्ही," तो मला हळूच म्हणाला. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, आत बाई झोपल्यात. कालपासून बघून राहिलो, लई थकलेला जीव हाय. मी न्हाई उठवणार. उठल्या की खोली देतो."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, आरामखुर्चीत बसले आणि चहा मागितला.

नोकरी कुठे, असं त्यांनी मला विचारलं. मी लातूर सांगितलं. घर मिळालं का, म्हणाले. दोन खोल्यांत नऊजण आहोत, एवढंच मी बोललो. पुढे ते फायली चाळत बसले, मी हात बांधून बसलो. ऊन उतरलं तरी आतून आवाज नव्हता.

पाचच्या सुमाराला ती डोळे चोळत बाहेर आली, परका माणूस बघून पदर सावरू लागली. साहेब उठून उभे राहिले. "झोप झाली का, बाई?" त्यांनी विचारलं. ती गोंधळून हो म्हणाली. आपण माहूरला मुक्काम करू, असं त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं आणि निघून गेले.

जेवताना मी तिला सगळं सांगितलं. मी तिला उठवायला निघालो होतो, तेही सांगितलं. सांगितल्यावाचून घास उतरेना. थोड्या वेळाने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि महिनाभराचं साठलेलं सगळं त्या खोलीत बाहेर आलं. खानसामा भाकरी वाढायला आला होता, तो तसाच मागे फिरला.

कचेरीत ताकीद येईल म्हणून मी पुढे काही दिवस धास्तावून होतो. काही आलं नाही. घरी परतल्यावर मी आईला सांगितलं की आम्ही वेगळी खोली बघतोय. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. खोली मिळाली ती औसा रोडला, पत्र्याची, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी. पहिल्या रविवारी दुपारी दार लोटून बायको झोपली. मी घागर घेऊन रांगेला गेलो.