लग्नपत्रिकेची पट्टी

नवरा गेल्यावर सहा महिने मी टीव्ही पाहिला. मग त्याचाही कंटाळा आला. मुलुंडला आमच्या इमारतीमागे मराठी शाळा आहे. तिथे शनिवारी सकाळी मुलांचं वाचन घ्यायला कोणीतरी हवं होतं. मी नाव दिलं. मी वाचन घेणार म्हटल्यावर मला ओळखणारं माणूस हसलं असतं. पण इतकं ओळखणारं कोणी उरलंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी सहावीतली एक मुलगी समोर बसली. दोन वेण्या, तोंडाने फटकळ. धडा घडाघडा वाचला. स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नाला आवाज चढवला. मध्येच पान उलटलं, तर दोन पानं एकदम उलटली. तिला कळलंच नाही. डोळ्यांसमोर स्वाध्याय होता आणि ती मधल्या पानांवरचा धडा म्हणत होती, एक शब्द न चुकता.

मी पुस्तक मिटलं. "घरी कोण वाचून दाखवतं गं?"

"कोणी नाही. मला येतं वाचता."

"मलाही असंच यायचं. दहावीपर्यंत."

घाटकोपरच्या चाळीत माझी बहीण मोठ्याने अभ्यास करायची. मी शेजारी बसून भाजी निवडायचे आणि तिचे धडे पाठ करायचे. वर्गात उभं केलं की पुस्तक हातात धरून म्हणून टाकायचे. पेपर मात्र तसा म्हणता येत नाही. दहावीला दोनदा नापास झाले. घरच्यांनी 'ढ' ठरवलं आणि विषय संपला.

मग औषधांच्या दुकानात लागले. खोकी रंगावरून ओळखायचे. एका खोक्याचा रंग बदलला आणि मी भलतंच औषध काउंटरवर ठेवलं. मालकीणबाईंनी ते गिऱ्हाइकाच्या हाती पडायच्या आत उचललं. ओरडल्या नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर एक रिकामं खोकं कापलं, त्यात ओळीएवढी फट पाडली आणि ती पट्टी वर्तमानपत्रावर ठेवली. "एवढंच बघ. बाकीचं नाहीच आहे, असं समज." शब्द पुढेमागे व्हायचे ते व्हायचेच, पण वरची ओळ खालच्या ओळीत घुसायची थांबली. दोन वर्षं दुपारच्या रिकाम्या वेळात त्यांनी मला वाचायला लावलं.

नवऱ्याला हे कधी सांगितलं नाही. सव्वीस वर्षं तो सकाळी पेपर उघडायचा आणि मी म्हणायचे, "माझा चष्मा सापडत नाहीये, तूच वाच." मला त्याचा आवाज आवडतो, अशी त्याची समजूत होती. आवडायचाच. पण कारण ते नव्हतं.

पुढच्या शनिवारी एका जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून नेली. पत्रिका अजून त्याच्याच नावाने येतात. मुलीने न ऐकलेला धडा उघडून दिला. एका ओळीला पाच मिनिटं लागली. मग तिने पट्टी बाकावर आपटली.

"तुम्ही बाईंना सांगणार ना?"

"सांगितल्याशिवाय वाचनदोषाची तपासणी होत नाही. तपासणीशिवाय परीक्षेत जास्तीचा वेळ मिळत नाही."

"नको. सगळ्या मला हुशार समजतात. वाट लागेल माझी."

"ती तशीही लागेल. चार वर्षांनी. माझी लागली."

ती पट्टीच्या फटीत बोट घालून बसली. "तुमच्या घरी माहीत होतं?"

"नाही."

"काकांना पण नाही?"

"नाही."

"म्हणजे एकट्याच?"

मी धड्याचं पान सरळ केलं.

"मग आधी तुमचं सांगा," ती म्हणाली. "बाईंना. मग मी सांगते."

शिक्षकांच्या खोलीत तिच्या वर्गाच्या बाई वह्या तपासत होत्या. उभ्याउभ्याच म्हणाले, "मला वाचता येत नव्हतं. अजूनही अडखळते." आवाज माझाच होता, पण ही वाक्यं माझ्याच कानांना नवी होती.

मुलगी माझ्यामागून पुढे आली. "बाई, मला पाठ असतं. सगळं पुस्तक."

बाईंचं पेन थांबलं. "सगळं?"

"शेवटचे दोन धडे राहिलेत. ताईला वाचून दाखवायला वेळ नाही."

बाईंनी हातातली वही मिटली. मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "मुख्याध्यापकांना लेखी द्यावं लागतं. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. तिच्या आईला मी बोलावते."

मी पर्समधून माझी पट्टी काढली. अर्धं पान लिहायला आणि ओळ-ओळ तपासायला पाऊण तास गेला. बाईंचा तास होता, त्या गेल्या. मुलगी थांबली.

"किती हळू लिहिता तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

सही केल्यावर कागद तिनेच कार्यालयात नेऊन दिला. लग्नपत्रिकेची पट्टी दप्तरात टाकली, विचारलं नाही.

घरी आले तेव्हा पेपर दाराच्या कडीत तसाच खोचलेला होता. चहा केला, बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिली बातमी संपेपर्यंत चहा गार झाला होता.