पठारावरच्या गावाचा आराखडा

दोन हजार सहा साली उन्हाळा संपल्यापासून हिवाळ्यापर्यंत मी दर दुसऱ्या शनिवारी स्टुटगार्टहून श्वेबिशे आल्बच्या पठारावर जायचे. आधी रेल्वे, मग बस. बस वळणं घेत वर चढायची आणि झाडी संपली की एकदम उघडा माळ लागायचा. पांढऱ्या दगडांची शेतं, मेंढ्यांनी खाल्लेलं गवत आणि थेट अंगावर येणारा वारा. शेवटच्या स्टॉपच्या आधीच्या स्टॉपवर माझं गाव. माझं म्हणजे ऑफिसने माझ्या वाट्याला दिलेलं.

मी पीएचडी करता करता एका सल्लागार ऑफिसात अर्धवेळ काम करत होते. युरोपियन युनियनच्या ग्रामीण विकास निधीचं नवं सात वर्षांचं चक्र सुरू होणार होतं. त्यातल्या एका हिश्श्याचा आराखडा सरकारने नव्हे, तिथल्या लोकांनीच करायचा होता. शेजारच्या गावांनी गट करायचा, बैठका घ्यायच्या, आपल्या भागाला काय हवं ते ठरवायचं आणि अर्ज पाठवायचा. अर्ज जास्त येणार, म्हणून त्यातून निवड होणार. बैठका नीट पार पाडायच्या, त्यांची नोंद ठेवायची आणि शेवटी अर्ज लिहायचा, हे आमच्यासारख्या ऑफिसांचं काम.

माझे वडील पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. ग्रामसभेला माणसं जमली नाहीत की सह्यांचं रजिस्टर शिपायाबरोबर घरोघर फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी कागदावर सभा झालेली असायची. कॉलेजात असताना मी यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडायचे. जर्मनीत ग्रामीण नियोजन शिकायला आले त्यामागे ते भांडणही होतंच. इथे लोक खरोखर बैठकीला येतात, खरोखर बोलतात, हे पाहिल्यावर पहिल्या महिन्यात मी त्यांना फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

पहिल्या बैठकीत मला चारातला एक शब्द कळत होता. पठारावरचे लोक त्यांची श्वाबी बोली बोलत होते आणि माझं जर्मन वर्गात शिकलेलं. माझ्या शेजारी पंचावन्न-छप्पन्न वर्षांची एक शेतकरीण बसली होती. लाल पडलेले हात, आखूड कापलेले पांढरे केस. माझी पेन्सिल थांबलेली बघून ती वाकली आणि समोरचा काय म्हणतोय ते पुस्तकी जर्मनमध्ये हळू आवाजात सांगू लागली. त्या दिवसापासून ती माझ्या शेजारीच बसायची. तिसऱ्या बैठकीनंतर तिने मला घरी कॉफीला नेलं आणि स्वयंपाकघरात कप ठेवता ठेवता म्हणाली, "आता मला अहो-जाहो करायचं नाही. तू म्हणायचं." माझ्या आईच्या वयाच्या बाईला तू म्हणताना माझी जीभ अडखळायची. तिला त्याचं हसू यायचं.

घरात ती आणि नवरा. अठरा गाई. मुलगा झिंडेलफिंगेनला मोटारीच्या कारखान्यात लागला होता. तिथेच फ्लॅट, तिथेच बायको. तो परत येणार नाही हे दोघांनी केव्हाच मान्य केलं होतं. त्यांची खरी काळजी दुधाची होती. दूध नेणाऱ्या डेअरीने कळवलं होतं की अशा छोट्या गोठ्यांसाठी टँकर इतक्या वर पाठवणं परवडत नाही. एक-दोन वर्षांत फेरी बंद होईल. गावात असे पाच गोठे उरले होते.

तिच्या मनात एक योजना होती. गावाच्या मधोमध जुनी दूध जमा करायची खोली होती. लोक तिला दूधघर म्हणायचे. पूर्वी सगळं गाव सकाळ-संध्याकाळ तिथे कॅन घेऊन यायचं. आता तिला कुलूप होतं. तिथे छोट्या प्रमाणावर चीज करायचं, पाच गोठ्यांचं दूध तिथेच वापरायचं आणि पुढच्या भागात दुकान काढायचं. गावातलं किराणा दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. ही योजना तिने वहीत लिहून आणली होती. खोलीचं माप, भांडी, कोणाचं किती दूध, कोण कोणत्या दिवशी काम करेल, सगळं. बैठकीत मी रंगीत कार्डं वाटायचे आणि लोकांनी एका कार्डावर एक कल्पना लिहायची असायची. ती म्हणाली, माझी कल्पना एका कार्डावर मावत नाही. मी तिला पाच कार्डं दिली.

ऑक्टोबरात एका दुपारी बॉसने मला राज्याच्या नकाशापाशी बोलावलं. कोणते भाग निवडले जातील याचा त्याला अंदाज होता. मंत्रालयात त्याची ऊठबस होती. त्याने बोटाने काही भाग दाखवले. माझं पठार त्यात नव्हतं. लोकसंख्या कमी, शेजारचा मोठा भाग जवळजवळ पक्का, शेजारीशेजारी असलेल्या दोन्ही भागांना मिळणं अवघड. मी विचारलं, मग आपण तिथे बैठका का घेतोय?

तो वाईट माणूस नव्हता. नकाशावरून बोट काढत म्हणाला, "स्पर्धा आहे. म्हणजे कोणीतरी हरायला हवंच. आणि लोक एकत्र बसले, हाही फायदाच असतो." मग म्हणाला की अर्ज मात्र उत्तम व्हायला हवा, आणि हे गावात बोलायचं नाही, कारण हा नुसता अंदाज आहे.

मी बोलले नाही. स्वतःला समजावलं की अंदाज चुकूही शकतो. पुढच्या शनिवारी तिने दूधघराच्या खिडक्यांची मापं आणली होती. ती मी लिहून घेतली.

डिसेंबरातली बैठक शेवटची होती. तीत प्रत्येकाने योजनांना मतं द्यायची होती आणि भागाचं निर्णयमंडळ नेमायचं होतं. या मंडळात बायका ठरावीक प्रमाणात असणं बंधनकारक होतं. आमच्या गावातून तीन बायका येत होत्या, पण त्या दिवशी एक आजारी होती. बैठक दोनला सुरू झाली. पाचला संपवायची असं ठरलं होतं, कारण त्यानंतर दूध काढायची वेळ. पण रस्त्याच्या एका मुद्द्यावरून दोन गावांत जुंपली, आणि पाच वाजले तेव्हा मतदान बाकी होतं.

ती उठून कोट घालू लागली. म्हणाली, "मला गेलं पाहिजे. नवऱ्याच्या कमरेचं दुखणं वाढलंय, त्याला एकट्याला जमत नाही."

मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. म्हटलं, "अर्धा तास थांब. तू गेलीस तर मंडळ नियमात बसत नाही. सगळा अर्ज अडकेल."

ती घड्याळाकडे बघत राहिली. मग गावच्या प्रमुखाच्या टेबलावरून तिने घरी फोन केला. हा प्रमुख म्हणजे एक निवृत्त सुतार. मी मनात त्याला सरपंच म्हणायचे. फोनवर ती बोलीत बोलली, पण एवढं कळलं की नवरा म्हणाला, राहू दे, मी सुरुवात करतो. ती येऊन बसली. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. तिने सही केली आणि काही न खाता निघून गेली. लोण्याच्या ब्रेत्सेल, म्हणजे पीळ दिलेल्या खारट पावाच्या गाठी, उरल्या होत्या, त्या सरपंचाने मला पिशवीत घालून दिल्या.

मी बसस्टॉपवर उभी असताना वरच्या आळीकडे अ‍ॅम्ब्युलन्स गेली. माझी बस आली. मी चढले. तिच्याच घरी गेली असेल असं मनातही आलं नाही.

सोमवारी सरपंचाचा फोन आला. नवीन व्यालेली एक गाय बिथरली होती आणि तिने नवऱ्याला खांबावर दाबलं. खुबा मोडला, बरगड्या मोडल्या. तो गाईंच्या मागे सिमेंटवर पडून होता. हाका ऐकणारं जवळ कोणी नव्हतं. ती घरी पोचली तेव्हा दिवा चालू, दूध काढायचं मशीन चालू आणि तो थंडीने काळानिळा. किती वेळ पडून होता, असं मी विचारलं. सरपंच म्हणाला, तासभर तरी. मग म्हणाला की सह्यांचे कागद त्याने पोस्टाने पाठवले आहेत.

पुढच्या रविवारी मी वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं, नकाशासकट. म्हटलं, "अण्णा, मला माहीत होतं तरी मी तिला बसवून ठेवलं."

 ते म्हणाले, "आम्ही सह्या घ्यायला घरी जायचो. निदान माणसाला कामावरून उठवलं नाही." मला लागावं म्हणून ते बोलले नव्हते. जे आठवलं ते बोलले. पण त्यानंतर मी त्यांच्याशी त्या विषयावर कधी वाद घातला नाही.

जानेवारीत मी हॉस्पिटलात गेले. नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिने माझ्यासाठी मशीनमधून कॉफी आणली. ती माझ्यावर चिडलेली नव्हती. उलट म्हणाली, थांबायचं मी ठरवलं, तू नाहीस. शेजाऱ्यांनी गाई सांभाळल्या होत्या, पण ते किती दिवस करणार? "अर्ज मंजूर झाला तर दूधघरात मला काम करता येईल," ती म्हणाली. "गाई नसल्या तरी. दूध चार गोठ्यांचं येईलच." तेव्हा सांगायला हवं होतं. नवरा तिथे होता, नर्स येत-जात होती, मला बरीच कारणं सापडली. मी कॉफी प्यायले आणि अर्ज फार छान झालाय असं सांगितलं. ते खरंच होतं.

मार्चमध्ये गाई विकल्या. निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी आला. शेजारचा भाग निवडला गेला होता, आमचा नाही. बॉस म्हणाला, पत्र जाईलच, तू जायची गरज नाही. मी तरीही गेले.

ती अंगणात होती. गोठ्याचं दार उघडं होतं आणि आत दोन पांढऱ्या कॅराव्हॅन, गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची घरं, उभ्या होत्या. शहरातले लोक सुट्टी सोडून बाकीचं वर्ष त्या ठेवायला जागा शोधतात. मुलाने कारखान्यातल्या ओळखीने गिऱ्हाईकं आणली होती. गव्हाण तशीच होती आणि खांबांवर गाईंच्या नावांच्या पाट्याही. वास अजून गाईंचाच येत होता.

तिला निकाल कळला होता. तिने विचारलं, आराखड्यात काय कमी पडलं? मी सांगू लागले, लोकसंख्या, शेजारचा भाग, गुणांची पद्धत. ती ऐकत होती. मग तिने मला थांबवलं.

"तुला हे आधी माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. खात्री नव्हती. पण माहीत होतं."

तिने कॅराव्हॅनच्या चाकाखालची लाकडी पाचर बुटाने आत ढकलली. ती घट्टच होती, तरी पुन्हा ढकलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची बस चार वाजून दहा मिनिटांनी आहे. त्यानंतर एकदम सातला."

जर्मनमध्ये एकदा तू म्हटल्यावर कोणी परत तुम्ही म्हणत नाही. मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी काहीतरी बोलू लागले, माफी मागू लागले, पण वाक्यं नीट जुळेनात. ती आत गेली. दार तिने आपटलं नाही, नेहमीसारखं लावून घेतलं. स्टॉपवर मी पाऊण तास उभी होते. दूधघर तिथून समोरच दिसायचं.

नंतरचं सरपंचाकडून कळत गेलं. टँकरची फेरी त्याच वर्षी बंद झाली आणि उरलेल्या चार गोठ्यांपैकी तीन बंद पडले. जमीन खालच्या गावातल्या मोठ्या शेतकऱ्याने खंडाने घेतली. नवरा काठी घेऊन चालायला लागला, पण गोठ्याकडे जात नव्हता. ती खाली शहरात एका बेकरीच्या काउंटरवर लागली. पहाटेची बस पकडायची. मी तिला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, आणि येईल असं मलाही वाटत नव्हतं.

आमच्या ऑफिसने तो अर्ज पुढे नमुना म्हणून वापरला. लोकसहभाग कसा असावा हे दाखवायला नव्या सहकाऱ्यांना त्यातली पानं देत. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणातही ते गाव आहे, नावाशिवाय. परीक्षकांनी त्या प्रकरणाचं कौतुक केलं. गोठ्याबद्दल त्यात काही नाही. मी एकदा तळटीप लिहिली होती, मार्गदर्शकांनी विचारलं की याचा विषयाशी संबंध काय, आणि मी ती काढली.

पुढच्या हिवाळ्यात मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं, गावांच्या नूतनीकरणाच्या योजनेसाठी. पहिल्याच बैठकीत मी लोकांना सांगितलं की अर्ज खूप आहेत, तुमचं गाव निवडलं जाण्याची शक्यता कमी आहे; हे माहीत असूनही करायचं असेल तर करू. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मागच्या रांगेतला एक म्हातारा आभार मानून उठला आणि घरी गेला. पुढच्या बैठकीला निम्मी माणसं आली, त्यापुढच्या बैठकीला सात. गावाने अर्ज केलाच नाही.

बॉस रागावला नाही. त्याने मला बसवून शांतपणे समजावलं की मी थकले आहे, आणि गावातलं काम माझ्याकडून काढून दुसऱ्या एका मुलीला दिलं. मला मंजूर झालेल्या भागांचे प्रगती अहवाल तपासायला बसवलं. किती पायवाटा, किती फलक, किती बैठका, बैठकीत किती बायका. व्हिसा नोकरीवर होता, म्हणून मी ते काम आणखी दोन वर्षं केलं.