एकट्याचं सीट

दुपारी जेवण झालं की मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो आणि रेक्झिनच्या गुंडाळ्यांशेजारी फोमवर आडवा होतो. माझं दुकान गाड्यांची सीटं शिवायचं. बाहेर कोल्हापूरचं ऊन, आत फोमचा आणि सोल्यूशनचा वास. हातातल्या मोबाईलवर एक लाल गाडी आहे. मोटो गुझी, इटलीची, सत्तर वर्षांपूर्वीची. मडगावच्या एका बाईंनी विकायला काढलीय. त्यांचे सासरे बोटीवर होते, त्यांनी आणलेली.

असल्या जाहिराती बघायचा नाद माझ्या मुलीचा, प्रणालीचा. जेवताना ताटाशेजारी मोबाईल टेकवायची आणि जगाच्या पाठीवर कुठंतरी विकायला निघालेली जुनी इटालियन मोटारसायकल शोधून काढायची. किमतीवर अंगठा ठेवून म्हणायची, "पप्पा, घेऊया?" मी म्हणायचो, "लावायची कुठं?" घ्यायची कुणालाच नव्हती. नुसतं बघत बसायचं. टाकी अशी, की कुणीतरी हातानं मळून केलीय. इंजिन आडवं निजवलेलं, त्याचं जड फ्लायव्हीलचं चाक बाहेरच फिरतं, वर झाकणसुद्धा नाही. "ह्यांनी काय लपवलंच न्हाई बगा," ती म्हणायची. दुकानात गिऱ्हाइकाच्या गाडीला सीट बसवलं की चक्कर मारून बघायला तीच जायची. येताना मुद्दाम लांबून यायची.

गेल्या वर्षी डेंग्यूनं गेली. चोवीस वर्षांची होती.

डोळे जड होतात. लाल रंग पापण्यांच्या आत उतरतो.

शटर वर जातं.

"पप्पा, आवरलं न्हाई अजून? मी कवाचा आलोय."

आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याला नोकरीला लागल्यावर मैत्रिणी हसायच्या, पण हिनं बदललं नाही. तिच्या अंगात तोच नेहमीचा निळा शर्ट आहे, बाह्या वर दुमडलेल्या. मला आश्चर्य वाटत नाही. चपला सापडत नाहीत, एवढीच पंचाईत वाटते.

"कुठं जायचंय?"

"गाडी बगायला. बाई वाट बगत असतील."

आम्ही पायरी उतरतो, तर खाली रस्ता नाही. दवाखान्याचा लांब वॉर्ड आहे, ती होती तिथलेच हिरवे पडदे. पलंगांच्या जागी मोटारसायकली उभ्या आहेत, हँडलपर्यंत पांढऱ्या चादरी ओढलेल्या. प्रणाली एकेक चादर उचलते आणि पुन्हा नीट पांघरते.

"ही गिलेरा. ही बेनेली. ही लावेर्दा, हात लावू नका, गरम हाय."

प्रत्येक हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय. ती न बघताच किमतीवर अंगठा ठेवते.

एक सिस्टर समोरून येतात. "पेशंटजवळ एकालाच थांबता येईल."

"मी थांबतो," मी म्हणतो.

"मी थांबतो," प्रणाली म्हणते.

सिस्टर दोघांकडं बघतात आणि निघून जातात. कुणी थांबायचं ते सांगत नाहीत.

शेवटच्या खिडकीपाशी ती लाल गाडी आहे. खिडकीतून आंबोलीचं धुकं आत येतंय. फरशीवर ओलं डांबर आहे, कडेला दरी आहे. प्रणाली चादर काढून घडी घालते, माझ्या हातात देते आणि गाडीवर बसते. पहिल्या किकला गाडी चालू होते. आवाज संथ. एक ठोका, मग थांबून दुसरा. दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाला काही विचारता येईल एवढी जागा.

"प्रणाली, त्या सकाळी तू ऑक्सिजनच्या मास्कच्या आतून काहीतरी म्हणालीस. मला कळलं नाही."

वर्षभर मी एवढंच विचारायचं राखून ठेवलंय. माझी बायको सुनंदा म्हणते, पोरीनं 'आई' अशी हाक मारली. मी तिला म्हणालोय, होय, तसंच ऐकू आलं. मला तसं काहीच ऐकू आलेलं नाही.

प्रणाली आठवून बघते. भुवया तशाच जवळ येतात.

"न्हाई आठवत, पप्पा."

"आठव की जरा."

"खरंच न्हाई. तुम्ही बोलत होता ते आठवतंय."

"मी? मी कुठं काय बोललो?"

"जाहिरात वाचत होता. रंग मूळचा. टाकी मूळची. एकाच घरात राहिलेली. चालू स्थितीत."

खरं आहे. पलंगाशेजारी उभं राहून मला दुसरं काही सुचलं नव्हतं. डॉक्टर आत-बाहेर करत होते आणि मी मोबाईल डोळ्यांजवळ धरून इटलीतल्या कुठल्यातरी गाडीचं वर्णन वाचत होतो. मला वाटलं होतं, तिला ऐकू जात नाही.

"चांगली होती ती गाडी," ती म्हणते.

"सरक पुढं. मी मागं बसतो."

"मागं सीट कुठाय? एकट्याचं हाय."

"मग शिवतो की. माझं कामच ते."

मी गुडघ्यावर बसतो. खाली दुकानाची फरशी आहे. फोम कापतो, रेक्झिन ताणतो, मशीनमध्ये दोरा ओवतो. हात भराभर चालतात. इतकं चांगलं शिवण मला कधी जमलं नव्हतं. शेवटचा टाका घालून सीट उचलतो, तर ते वीतभरच आहे. ती तीन वर्षांची असताना माझ्या गाडीच्या टाकीवर तिला बसवायला शिवलं होतं, तेवढंच.

"ह्यावर तुम्ही कसं बसणार, पप्पा?"

"थांब. उसवतो. मोठं करतो."

"थांबतो की."

मी खाली मान घालून टाके उसवतो. दोरा निघता निघत नाही. मागं गाडीचा ठोका चालूच आहे.

"थांबलीयस ना?"

"हाय की."

आणखी उसवतो. ठोका रस्त्यावर गेलाय. मग चौकात. मी मान वर करत नाही. मान वर केली तर काम अर्धवट राहील.

"प्रणाली?"

"हाय की," असं फार लांबून येतं.

शटर अर्ध्यावर आहे. त्याच्या खालून आलेलं ऊन मशीनच्या पायापर्यंत पोचलंय. मी उठून बसतो. हात रिकामे आहेत, पण बोटं अजून दोरा धरल्यासारखी मिटलेली. मोबाईल छातीवरून मांडीवर घसरतो आणि उजळतो.

मडगावच्या बाईंना माझ्याकडून एक निरोप गेलाय. "रविवारी येतो. मी आणि मुलगी. मागचं सीट मी शिवून घेईन." हे मी कधी लिहिलं, मला आठवत नाही. खाली त्यांचं उत्तर आहे.

"जरूर या. दोघंही जेवायलाच या. मुलगी गाडी चालवते का?"

मी लिहितो, "चालवते."

बघत बसतो. खोडतो. मग लिहितो, "चालवायची." आणि पाठवतो.

पलीकडं बाई काहीतरी लिहायला लागतात. थांबतात. पुन्हा लिहायला लागतात.