वीतभर उंच झालेली जीप

"आदी रस्त्याला इचारू," असं म्हणायचं आणि कोपऱ्यातली बांबूची काठी उचलून चालू लागायचं, ही आमच्या डायवरभाऊंची रीत. जीपला काही नवं बसवायचं निघालं की कुणी शहाण्याने कितीही सांगो, आधी काठी. त्या काळी तुम्ही वडगाव मावळात असाल, तर पाणंदीत उकिडवा बसून चाकोरीत काठी खुपसणारा, खाकी सदऱ्यातला उंच माणूस तुम्ही पाहिलाच असेल. काठीवर कोयत्याने खुणा पाडलेल्या. चाकोरी किती खोल, दगड किती वर, पाणी कुठवर, सगळा हिशेब त्या खुणांवर चालायचा.

साठच्या दशकात मी तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. भाऊ इंदुरीचे, शेतकऱ्याघरचे, पलटणीत ट्रक चालवून आलेले. दवाखान्याची जीप रोज त्यांच्या हाताखाली. सकाळी स्टेशनवरून लशींची बर्फाची पेटी आणायची, डॉक्टरांना शाळा तपासायला न्यायचं, आणि आठवड्यातून एकदा डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांच्या वाडीवर जायचं. वाडीच्या अलीकडे ओढा होता. पावसाळ्यात तो भरला की वाडी आपली आणि आपण आपले.

मी आले त्याच वर्षी श्रावणात वाडीहून एका अडलेल्या बाईला झोळीत घालून आणलं. पलीकडच्या काठावर झोळी घेऊन चार माणसं, अलीकडे आम्ही जीप घेऊन. मध्ये पाणी. भाऊंनी जीप दोनदा पाण्यात घातली, दोनदा इंजिन मेलं, आणि दोरी लावून आम्ही ती मागे ओढली. पाणी उतरेपर्यंत झोळी स्तब्ध झाली होती. भाऊ चाकावर हात ठेवून बसून राहिले. मी रडत होते, ते रडलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन ते ओढ्यावर गेले. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "बाई, पुढच्या सालाला ही गाडी पल्याड जाणार."

ते वर्ष आम्ही सगळ्यांनीच जीपच्या नादात काढलं असं म्हणायला हरकत नाही. सुट्टी मिळाली की भाऊ लोणावळ्याला. तिथे मुंबईच्या रस्त्याला एक मिस्त्री होता, घाटात गडगडलेल्या ट्रकांचं भंगार त्याच्या अंगणात पडलेलं असायचं. एकदा मीही सोबत होते. मिस्त्री तावातावाने सांगत होता, "भाऊ, स्प्रिंगचे चार पाटे वाढवा, ट्रकचे टायर टाका, रणगाडा करून देतो!"

"रणगाड्यात बाळंतीण बसती व्हय?" भाऊ म्हणाले. "ही सा दिवस डांबरावर पळती अन् एक दिस चिखलात. एका दिसापायी सा दिस रडवायचं न्हाई गाडीला."

पाटे जितके जास्त तितकी गाडी उंच, पण डांबरावर तितकीच आदळणारी. मग दोन तास पाट्यांवर घासाघीस. चाराचे तीन, तिनाचे दोन. टायर होते तेच राहिले, चिखलापुरत्या साखळ्या मात्र घेतल्या. धूर जायची नळी वाकवून टपाच्याही वर नेली. पाणी उडून इंजिन मरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर कापून आतल्या तारांना सदरे शिवले. पंख्याचा पट्टा पाण्यापुरता काढून ठेवायची युक्ती पलटणीतली. विहिरीचा सोल, म्हणजे मोटेचा जाड दोर, पुढच्या आकड्याला, रुतलं तर चाकाखाली घालायला दोन सागवानी फळ्या. प्रत्येक वस्तूसाठी आधी काठी, मग ओढा, मग लोणावळा. डॉक्टर म्हणायचे, "अहो, ही जीप आहे का मोटेचा गाडा?" पण कागदावर 'किरकोळ दुरुस्ती' लिहून सही तेच करायचे.

होता होता जीप चांगली वीतभर उंच झाली. भाऊ लांब उभे राहून तिच्याकडे बघायचे, पोरगी शाळेत पहिली आल्यासारखे. पण बाजारच्या दिवशी वाडीची एक म्हातारी जीपमागे उभी राहिली, पाय वर करून पाहिला आणि ओरडली, "डायवर, शिडी कुटाय?" सगळा बाजार हसला. भाऊंचा चेहरा पडला. वर्षभर रस्त्याला विचारलं, चढणाऱ्या पायाला विचारायचं राहिलं होतं. दोन दिवसांत त्यांनी एक लाकडी पायरी ठोकली आणि मागच्या फळीला टांगली.

आता त्यांच्या एका खुळाबद्दल सांगते. सगळं जग गाड्यांची पूजा खंडेनवमीला करतं. भाऊ करायचे भादवी पोळ्याला. "शस्त्र हाय व्हय ती? सालभर वडती, म्हंजी बैल हाय." पोळ्याला जीप धुऊन, दिव्यांच्या कडांना हिंगूळ लावून, टपावर झूल टाकून ते तिला बैलांच्या ओळीत उभी करायचे. कुणी म्हणालं, "भाऊ, शिंगं कुटायत हिला?" तर म्हणायचे, "मारकी न्हाई म्हनून दिली न्हाईत." पुरणपोळी बॉनेटवर ठेवून मग गाईला घालायची. आणि बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवत नाहीत, तसं जीपवरचं सगळं ओझं उतरवायचं. साखळ्या, सोल, फळ्या, पायरी, सगळं दवाखान्याच्या पडवीत. त्या दिवशी जीप जागची हलायची नाही.

जीप उंच झाली त्या वर्षीच्या पोळ्याला पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दुपारी वाडीचा एक गडी ओढा पोहून, चिखलाने माखून धावत आला. त्याची भावजय अडली होती, सकाळपासून रक्त जात होतं. डॉक्टर सणाला गावी गेलेले. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी एकदा ओळीतल्या बैलांकडे पाहिलं, जीपच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला, आणि झूल ओढून काढली. "चला बाई. माफी मागून घीतली."

ओढ्यावर त्यांनी आधी काठी पाण्यात घातली. पाणी ज्या खुणेपर्यंत चालेल असं त्यांनी ठरवलं होतं, तिच्या दोन बोटं वर होतं. मला त्यांनी उतरायला सांगितलं. मी उतरले नाही. "मंग घट्ट धरा," म्हणाले आणि पंख्याचा पट्टा काढून जीप पाण्यात घातली. पाणी पायांखालून आत आलं, माझ्या मांडीवरची औषधांची पेटी भिजली, पण इंजिन एकसुरात चालत राहिलं. पलीकडे चढल्यावर भाऊंनी पट्टा परत चढवला.

वाडीच्या तोंडाशी झोळी घेऊन माणसं उभीच होती. भाऊ पायरी लावायला मागे गेले आणि तिथेच थबकले. घाईत साखळ्या घेतल्या, फळ्या घेतल्या, सोल घेतला. पायरी पडवीत राहिली होती.

"माझी चूक," ते म्हणाले. "बैल सोडल्यावानी सोडून ठिवली मी."

झोळी तशीच वर चढवायची तर पुढच्याला उंच चढावं लागणार, झोळी तिरकी होणार. आणि एवढं रक्त जात असताना तिला तिरकं करू द्यायची माझी छाती होत नव्हती. ते मी ओरडूनच सांगितलं. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी भाताची खाचरं होती, एकाखाली एक, आणि मधला बांध बरोबर जीपच्या मागच्या फळीएवढा उंच.

"खाचर कुनाचं?"

"माझं," झोळीतल्या बाईचा सासरा म्हणाला. पुढचं सांगावं लागलं नाही. म्हातारा खालच्या खाचरात उतरला आणि निसवलेलं, लोंब्या धरलेलं भात स्वतःच्या पायांनी आडवं करत चालला. त्यावर फळ्या टाकल्या, भाऊंनी जीप मागे घेत घेत तिची शेपटी बांधाला टेकवली. झोळीवाले बांधावरून सरळ चालत जीपमध्ये शिरले. झोळी जराही कलली नाही.

परतताना ओढ्याचं पाणी तेवढंच होतं आणि जीपही तशीच पार झाली. मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत डांबर. मी बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. जीप अशी अलगद गेली, की लोणावळ्याच्या अंगणात भाऊ दोन पाट्यांसाठी दोन तास का भांडले, ते मला त्या रस्त्यावर कळलं. बाई वाचली. मुलगी झाली, तीही जगली. मला त्या माणसाचा अभिमान वाटतो, हे एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडावर बोलायला मला कधी जमलं नाही.

भात निघाल्यावर वाडीच्या लोकांनी पायथ्याचे दगड वाहून वाडीच्या तोंडाशी ओटा बांधला. माप द्यायला भाऊंना बोलावलं. जीप मागे लावली की फळी ओट्याला बरोबर भिडायची. पुढे तीन-चार वर्षं तिथून किती बाया, म्हातारी माणसं, तापलेली पोरं सरळ चालत जीपमध्ये गेली असतील, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. मग भाऊ निवृत्त झाले, जीप लिलावात गेली, माझी बदली झाली. भाऊ गेल्याचं मला इंदुरीहून आलेल्या पत्रातून महिन्याने समजलं.

मध्यंतरी मी वाडीवर जाऊन आले. ओढ्यावर पूल आहे. दवाखान्याची नवी गाडी बुटकी आहे, ती ओट्याशी लागते तेव्हा माणसांना वरून खाली उतरावं लागतं. त्या पोळ्याला झोळीतून आणलेली ती बाई ओट्यावरच वाल सोलत बसली होती, केस पांढरे झालेले.

"वरचा एक थर काढा की गं," मी म्हणाले. "म्हाताऱ्यांना सोपं पडेल."

तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि वरच्या दगडावर हात फिरवला.

"म्हाताऱ्यांस्नी धरून उतरिवतो आमी, बाई. दगूड न्हाई काढायचा. हितवर आलती गाडी भाऊंची."