बख्शी का तालाबला नेलेल्या कोंबडीच्या करंज्या

लखनऊ मला पहिल्यांदा दिसलंच नाही. चारबाग स्टेशनाबाहेर कोहरा (दाट धुकं) एवढा, की वहिनी हाका मारत होत्या आणि त्या उभ्या कुठं आहेत ते कळेना. गडहिंग्लजहून निघाल्यापासून अंग आंबून गेलं होतं.

माझी शाळा आठवीत सुटली. स्वयंपाक तेवढा येतो. वहिनी इथं संशोधन संस्थेत आहेत, त्यांच्या तेलीबागच्या घरी मी स्वयंपाकाला आले. त्यांच्या सासूबाई, म्हणजे आजी, दारातच म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत बघू. नाही जमलं तर परतीचं तिकीट काढू." धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर आहे.

नाताळला वहिनींनी ऑफिसातली माणसं जेवायला बोलावली. भाजलेल्या अख्ख्या कोंबड्या आणायला आम्ही हजरतगंजला गेलो. दिवे, लाल टोप्या, पाय ठेवायला जागा नाही. पण संध्याकाळी पुन्हा कोहरा उतरला आणि निम्मे पाहुणे आलेच नाहीत. कोंबड्या उरल्या.

"उद्या ऑफिसातल्या सक्सेनाजींच्या शेतावर जायचंय, शहराबाहेर बख्शी का तालाबला," वहिनी म्हणाल्या. "हातात धरून खाता येईल असं काहीतरी कर यातनं."

मला करंजीच सुचली. मांस हाडांवरून सोडवून बारीक केलं, कांद्यावर परतलं, गावाहून आणलेला कांदा-लसूण मसाला घातला. सारण ओलं राहिलं आणि पहिल्या दोन करंज्या तेलात फुटल्या. मग भाजलेला रवा मिसळला तेव्हा जमलं. डोळे मिटत होते, हात आपले चालत होते.

शेत मोहरीचं, पिवळं, पण धुक्यात विटल्यासारखं. सक्सेनाजींनी डबा उघडला. "अरे भाभीजी, होली अभी से? ये तो गुझिया है!" गुझिया म्हणजे आपली करंजी, इकडं होळीला करतात. एक खाल्ली आणि ओरडले, "मुर्गे की गुझिया! कमाल है यार!"

सगळे हसले. मी डब्यात बघितलं आणि गारठले. करंज्यांत एक मोदक होता. आमच्याकडं करंज्या केल्या की शेवटी एक मोदक करतातच. करंजी बहीण, मोदक तिचा भाऊ, बहिणीला एकटं धाडत नाहीत. हातानं सवयीनं केला होता, आणि आत कोंबडी! गणपतीचा मोदक!

सोबत आलेल्या आजींनीही बघितला. पटकन उचलला, मुठीत धरला आणि शाल ओढून घेतली.

परतताना गाडीत मीच म्हणाले, "आजी, चुकलं. तिकीट काढायचं तर काढा."

आजींनी मूठ उघडली. मोदक मऊ पडला होता. त्यांनी मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"खा मुकाट्यानं. देवानं बघितलं तर बघितलं. घरी गेल्यावर गुळखोबऱ्याचा एक कर, त्याच्यापुढं ठेवू."

"आणि तिकीट?"

"तू गेलीस तर संक्रांतीला तिळाच्या वड्या कोण थापणार? ही?" आजींनी वहिनींकडं हनुवटी केली.

"हाँ, मला नाही येत," पुढून वहिनी म्हणाल्या.

तेलीबाग आलं तरी बाहेर काही दिसत नव्हतं. फाटक मात्र मी न चाचपडता उघडलं. आत जाऊन आधी नारळ फोडला.