रोमचे सुभे आणि साहेबांचा टब

मी कारकून होतो त्या कचेरीतला पट्टेवाला कोरीट गावचा होता. साहेबांची फिरती निघाली की मुक्कामावर मी त्याला जुन्या साम्राज्यांविषयीचं पुस्तक वाचून दाखवी. रोमचे सुभे, इराणचे क्षत्रप, मौर्यांचे अमात्य; कोणाचा कारभार सरस, यावर मी तावातावानं बोले. तो तंबाखू मळत ऐके आणि दर वेळी एकच विचारी, "भाऊसाहेब, त्या साहेबलोक फिरतीवर निंघेत तवय त्यासनं वझं कोन उचले?"

"पुस्तकात तसं दिलेलं नाही."

"मंग सारखंच शे सगळं," म्हणून तो तंबाखू तोंडात टाकी.

मला त्याच्या अडाणीपणाची कीव येई.

एकदा धडगावच्या घाटात साहेबांचा आंघोळीचा पत्र्याचा टब वेठीला धरलेल्या एका म्हाताऱ्या भिलाच्या डोक्यावर होता. चढावर म्हातारा मटकन खाली बसला. पट्टेवाल्यानं सरकारी पट्टा काढून माझ्या हातात दिला, टब स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि चालू लागला.

मुक्कामावर साहेबांनी ते पाहिलं. सरकारी शिपायानं हमाली केली तर सरकारची अब्रू काय राहिली, म्हणाले. त्याला काढून टाकण्याचा हुकूम लिहायला त्यांनी मलाच बसवलं. म्हाताऱ्याची हकीकत मी सांगू शकलो असतो. सांगितली नाही. माझी बढती साहेबांच्या हातात होती.

तो समोरच उभा होता. माझा टाक थांबलेला पाहून हळूच म्हणाला, "लिखा भाऊसाहेब. तुमनं अक्षर चांगलं शे."

आणि मी खरोखरच सुरेख अक्षरात लिहिलं.