मोह अस्वलाचा

एप्रिलचा पहिला रविवार. नागझिऱ्याच्या सकाळच्या फेरीचा खर्च साडेतीन हजार. जिप्सीत मी, पत्नी, मेहुणा, चालक आणि एक गाइडबाई. नाव विचारायचं राहिलं. बोलताना ती आमच्याकडे पाहत नसे, नजर झाडीत. निघतानाच तिने नियम सांगितला, खाली पाय टेकला तर पाहुण्याला दंड आणि गाइडचं काम आठ दिवस बंद.

वळणावर मोहफुलांचा सडा दिसला आणि मेहुण्याने मूठभर वेचायला पाय टेकवलाच.

"काऊन उतरून राहिले जी भाऊ? आत या! आम्ही मोह गावाकडं वेचतो. इथला अस्वलाचा."

"दोन फुलांनी अस्वल उपाशी मरते का, बाई?"

तो आत येतो न येतो तोच पंधरा पावलांवर अस्वल आलं, पाठीवर दोन पिलं! रोज येणारी बाईही आनंदाने पत्नीचा हात दाबत होती.

गेटवर तिने स्वतःच सांगितलं, "आमच्या गाडीतून एक पाय खाली टेकला."

मी कुजबुजलो, "कोणी पाहिलं नव्हतं."

"मी पाह्यलं ना जी." मग रजिस्टरवाल्याला ओरडून म्हणाली, "आन् लिहा, दोन पिलं!"

मेहुण्याने दंडाचे हजार रुपये गेटवर भरले. बाईच्या बुडणाऱ्या आठ दिवसांच्या मजुरीचे मी देऊ केलेले पैसे तिने घेतले नाहीत.